‘प्रशासकीय कारणास्तव’

सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांच्या भाषेत काही शब्दप्रयोग असे आहेत की त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हा त्यांपैकी अग्रगण्य म्हणावा लागेल. बदलीच्या हुकमावर हे दोन शब्द असले की पुढे काही लिहावे लागत नाही. कारण कोणते, ते केव्हा उद्भवले, आणि नेमके ह्याच कर्मचाऱ्याच्या बाबतीत ते कसे उद्भवले, हे प्रश्न तेथेच मिटतात. एरवी हा शब्दप्रयोग निरुपद्रवी आहे. परंतु कचेरीतील एखादी स्त्री वरिष्ठाने केलेल्या छळाची लेखी तक्रार देते आणि त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात तिच्या हाती असा हुकूम पडतो, तेव्हा त्या दोन शब्दांचा अर्थ साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांना कळलेला असतो. कागदावर तेवढा तो नसतो.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात अशा हुकमाचा घाव अधिकच खोल बसतो. येथील नोकरदारांचे सारे जीवन लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेले आहे. सकाळची ठराविक गाडी, मुलांची शाळा, घरातील वृद्धांचे औषधपाणी, संध्याकाळचा स्वयंपाक, ह्या सर्वांची सांगड मोठ्या कष्टाने घातलेली असते. अंधेरीच्या शाखेतून एखादीची पनवेलला बदली झाली, तर पगार तोच राहतो, हुद्दा तोच राहतो, ज्येष्ठतेलाही धक्का लागत नाही. सेवापुस्तकात शिक्षा म्हणून एक अक्षरही उमटत नाही. पण रोजचे दोन-अडीच तास अधिक प्रवासात जातात आणि घराची घडी पार विसकटते. पंधरा दिवसांत ‘उगीच तक्रार केली’ ह्या विचारापर्यंत ती बाई येते. घरची मंडळी तर आधीच येऊन पोहोचलेली असतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

स्त्रियांनी पुढे येऊन तक्रार करावी, भीड बाळगू नये, असा उपदेश आपल्याकडे भरपूर केला जातो. कचेऱ्यांच्या भिंतींवर तसे फलकही लागले आहेत. उपदेश करणारे ज्या दिवशी थांबतात, तो तक्रार देण्याचा दिवस. आणि खरी कसोटी सुरू होते ती त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तक्रार न करणाऱ्या स्त्रिया लज्जेपोटी गप्प बसतात, असे मानण्याची आपली एक सोयीस्कर सवय आहे. वस्तुतः त्यांच्यापैकी पुष्कळजणींनी सरळ हिशोब केलेला असतो आणि तो हिशोब बहुधा चुकीचा नसतो.

हा निव्वळ तर्क नव्हे. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर येथील शाखेत मुख्य व्यवस्थापक असलेल्या एका महिला अधिकाऱ्याने शाखेच्या व्यवहारांतील अनियमितता वरिष्ठांच्या नजरेस वारंवार लेखी आणून दिल्या होत्या; वरिष्ठ अधिकाऱ्याकडून आपला छळ होतो, अशीही तिची तक्रार होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिची बदली जबलपूर जिल्ह्यातील सरसवा येथे करण्यात आली. ही बाई चौथ्या श्रेणीची अधिकारी, आणि सरसव्याची ती जागा पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची. बँकेचे म्हणणे अर्थातच असे की, बदली ही नोकरीची अंगभूत अट आहे आणि कोणास कोठे नेमावे हे ठरविणे व्यवस्थापनाचे काम आहे. तत्त्व म्हणून त्यात काही चूक नाही, आणि न्यायालयेही सहसा बदल्यांत हात घालीत नाहीत. परंतु मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही बदली रद्द केली. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी बँकेचे अपील फेटाळताना ही बदली म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या अहवालांना दिलेले सुडाचे उत्तर आहे, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. तिला इंदूरला एक वर्षासाठी पुन्हा नेमावे आणि दाव्याच्या खर्चापोटी ५०,००० रुपये द्यावेत, असा आदेश झाला. त्या निकालपत्रात आणखी एक गोष्ट नोंदली गेली आहे. तक्रार समितीवर बाहेरची, त्रयस्थ अशी एक व्यक्ती असावी, असे कायदा सांगतो. ह्या प्रकरणात ती त्रयस्थ व्यक्ती बँकेच्याच वकिलांच्या यादीतील निघाली!

ह्या निकालाचे स्वागत करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. बदलीपासून निकालापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. लढणारी व्यक्ती उच्च श्रेणीची अधिकारी होती, कागदपत्रे जाणणारी होती, आणि तिची नोकरी कायम होती. तिच्या जागी कंत्राटावर नेमलेली एखादी संगणक चालिका असती, तर बदलीचा हुकूमही काढावा लागला नसता. अकरा महिन्यांचे कंत्राट संपले आणि नवे झाले नाही, एवढ्यावर विषय आटोपला असता. रद्द करावयास न्यायालयापुढे कागदच नसता.

आणि ज्यांची दाद वरपर्यंत पोहोचतच नाही, त्यांचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठाने चालविलेल्या छळाचे आरोप केले होते, आणि त्याच्याही वरच्या अधिकाऱ्यास सांगून काही उपयोग झाला नाही, असे लिहिले होते. त्या आरोपांचा खरेखोटेपणा ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. येथे त्यात शिरावयाचे कारण नाही. एका राजपत्रित दर्जाच्या, गणवेशधारी, कर्तबगार म्हणून नावाजलेल्या अधिकाऱ्यास आपल्याच खात्यात गाऱ्हाणे घेऊन जाण्याजोगे, ज्यावर विश्वास टाकता येईल असे एकही दार दिसले नाही, एवढीच गोष्ट आपल्या विषयापुरती पुरेशी आहे. कामाच्या ओझ्याने, अपमानाने, रजा वा पगार अडवून होणाऱ्या छळासाठी, म्हणजे जो लैंगिक स्वरूपाचा नाही अशा छळासाठी, आपल्याकडे तर स्वतंत्र कायदाही नाही आणि समितीही नाही.

लैंगिक छळाच्या बाबतीत कायदा आहे. तो कसा आला हे थोडे पाहावयास हवे, कारण वाटेत एक महत्त्वाची गोष्ट हरवली आहे. राजस्थानच्या भटेरी गावात बालविवाह थांबविण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर १९९२ मध्ये अत्याचार झाला. तोही एका अर्थी काम केल्याचा सूडच होता. त्या प्रकरणातून ‘विशाखा’ खटला उभा राहिला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या पीठावर न्या. सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश त्याच. तक्रार करणाऱ्या स्त्रीला आणि साक्षीदारांना त्यापायी त्रास सोसावा लागू नये, हे त्या तत्त्वांत स्पष्ट लिहिले होते. छळ करणाऱ्याची बदली व्हावी की स्वतःची, हे निवडण्याची मुभाही तिला दिली होती.

तत्त्वे कागदावर राहिली, हे सांगावयास नकोच. ती कागदावरच राहिली आहेत हे न्यायालयाच्या नजरेस आणून देण्याचे काम एका मराठी कार्यकर्तीने केले. पुण्याच्या ‘आलोचना’ ह्या स्त्रीविषयक अभ्यासकेंद्राच्या श्रीमती मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून अनेक प्रकरणे मांडली. न्यायालयाने त्या पत्रासच याचिका मानले. राज्याराज्यांकडून प्रतिज्ञापत्रे मागविण्यात वर्षांमागून वर्षे गेली. अखेर १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्या. लोढा यांच्या पीठाने निर्णय दिला. दोषी ठरलेल्या माणसाच्या हाताखाली वा सोबत काम करण्याची सक्ती तक्रारदार स्त्रीवर होता कामा नये, शक्य तेथे त्याचीच बदली करावी, आणि तक्रारदारांना व साक्षीदारांना धमकावणाऱ्यांवर कडक शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे त्यात सांगितले आहे. पुण्याहून निघालेल्या एका पत्राने देशभरच्या नोकरदार स्त्रियांना मिळवून दिलेले हे संरक्षण होते.

त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, संसदेने केलेल्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि डिसेंबरात तो अंमलात आला. समित्या कशा नेमाव्यात, तक्रार तीन महिन्यांत करावी, चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी, नावे गुप्त राहावीत, खोट्या तक्रारीस शिक्षा असावी, हे सर्व त्यात आहे. नोकरीत अहित करण्याची धमकी ही छळाच्या व्याख्येतही येते. परंतु तक्रार केल्याबद्दल पुढे सूड उगविला गेला तर तो स्वतंत्र अपराध होय, असे सांगणारे कलम मात्र त्यात नाही. खोटी तक्रार करणारीस काय करावे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी आवर्जून केला. खरी तक्रार करणारीचे पुढे काय होईल, याचा विचार करावयाचे राहून गेले.

काहीच नाही, असेही नव्हे. बाराव्या कलमान्वये चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी विनंती केल्यास समिती तिची वा प्रतिवादीची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देववू शकते. त्याच वर्षीच्या नियमांतील आठवा नियम तर फार उपयोगाचा आहे. प्रतिवादीने तक्रारदार स्त्रीचा गोपनीय अहवाल लिहू नये, तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस समितीला करता येते. शिक्षणसंस्थेत प्रतिवादीस तिच्या शैक्षणिक कामावरील देखरेखीपासून दूर ठेवता येते. प्रबंधाचा मार्गदर्शकच जिच्या तक्रारीचा विषय आहे, अशा विद्यार्थिनीस ह्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. हा नियम किती जणींना ठाऊक असतो? आणि तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही, हे किती जणींना ठाऊक असते? शिवाय हे सारे संरक्षण चौकशी संपेपर्यंतचे. सूड घेणाऱ्यास घाई नसते. चौकशीचा अहवाल बासनात बांधला गेला, समितीचे सदस्य बदलले, की मग सवडीने गोपनीय अहवालात ‘सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही’ एवढे एक वाक्य लिहिता येते. इंदूरच्या त्या अधिकाऱ्यासही न्यायालयाने एका वर्षाचीच हमी दिली. पुढे प्रशासकीय निकड उद्भवल्यास बँकेस नियमांप्रमाणे निर्णय घेण्याची मोकळीक ठेवली.

गंमत अशी की कायद्यात जे नाही, ते महाविद्यालयांसाठी केलेल्या नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम तक्रार करणे हे संरक्षित कृत्य मानतात आणि त्याबद्दल सूडबुद्धीने प्रतिकूल कृती करण्यास मनाई करतात. ती मनाई तक्रारदाराच्या निकटवर्तीयांनाही लागू आहे. म्हणजे महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला कागदावर जे संरक्षण आहे, ते त्याच मुलीला पदवी घेऊन खासगी कचेरीत रुजू झाल्यावर उरत नाही. आणि तिची आई भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात स्टीलची भांडी घासून चकचकीत करण्याचे काम करीत असेल, तर तिला ते कधीच नव्हते.

ह्या गाळ्यांकडे थोडे वळले पाहिजे. भाईंदरच्या भांड्यांच्या धंद्याचे नाव देशभर आहे. पण त्यातले कितीतरी कारखाने म्हणजे एक लांबट खोली, चार यंत्रे आणि सात-आठ माणसे. दहांहून कमी माणसे असली की कायद्याने अंतर्गत समितीची अट नाही. तेथील स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचे. खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असली तरी तिकडेच. जिल्हा ठाणे. एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि परत आल्यावर गाळ्यात जागा असेल याची शाश्वती नाही. अशांसाठीच कायद्याने एक तरतूद केलेली आहे. शहरी भागात प्रभागात किंवा नगरपालिकेत तक्रारी स्वीकारणारा एक अधिकारी नेमावा आणि त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे धाडावी, असे सहावे कलम सांगते. देशात ह्या तरतुदींची अवस्था किती केविलवाणी होती, ते गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाच्या निमित्ताने उघडकीस आले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास ३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे कायदा लागू होऊन अकरा वर्षे होत आली असता, जिल्हा अधिकारी महिनाअखेरपर्यंत नेमा आणि स्थानिक समित्या जानेवारीअखेरपर्यंत स्थापन करा, असे राज्यांना बजवावे लागले.

शिक्षकांची गोष्ट निराळी, पण फार निराळी नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे, बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यास न्यायाधिकरण आहे. परंतु परिविक्षाधीन शिक्षिकेचे काम किंवा वर्तन व्यवस्थापनास समाधानकारक वाटले नाही, तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन तिला घरी पाठविता येते. ‘असमाधानकारक काम’ हे ‘प्रशासकीय कारणास्तव’चे सख्खे भावंड होय. मुख्याध्यापक वा संस्थाचालक हाच तक्रारीचा विषय असेल, तर समाधान कोणाचे व्हावयाचे आहे, हे उघड आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, अशाने कचेरी चालविणे अशक्य होईल. कामचुकार माणूस उद्या एक तक्रार ठोकून देईल आणि मग त्याच्या केसालाही धक्का लावता येणार नाही. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. प्रतिवादीलाही न्याय मिळाला पाहिजे, आणि घाईने केलेली चौकशी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. वर उल्लेखिलेल्या गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात समितीने उरकलेली चौकशी प्रतिवादीस बचावाची पुरेशी संधी न दिल्यामुळेच सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द ठरविली, आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. परंतु सुडापासून संरक्षण म्हणजे शिस्तीपासून सूट नव्हे. मागणी एवढीच आहे की, तक्रारीनंतर ठराविक काळात तक्रारदाराविरुद्ध काही प्रतिकूल हुकूम काढावयाचा असेल, तर त्याचे कारण मालकाने लेखी द्यावे, समितीची पूर्वसंमती घ्यावी, आणि त्या हुकमाचा तक्रारीशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी. आज ती जबाबदारी बाईवर आहे. साहेबांच्या मनात काय होते, हे तिने पुराव्यानिशी सिद्ध करावयाचे!

ही मागणी जगावेगळी नाही, आणि आपल्याकडे नवीनही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तेहतिसाव्या कलमाने, वाद न्यायाधिकरणापुढे चालू असताना त्या वादाच्या संदर्भात कामगारांचे अहित होईल असा सेवाशर्तींतील बदल पूर्वपरवानगीवाचून करण्यास मालकास मनाई केली होती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ते तत्त्व राखलेले आहे. महाराष्ट्राने तर १९७१ च्या आपल्या कायद्यात, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदविली. बोनस मागणाऱ्या कामगारास जे संरक्षण आपण इतक्या वर्षांपूर्वी न्याय्य मानले, ते अब्रू राखू पाहणाऱ्या स्त्रीला का नसावे? परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानेच अशा सुडास बंदी केली, आणि तेथील समान रोजगार आयोगाकडे २०२० साली आलेल्या निम्म्याहून अधिक तक्रारींत सुडाचा आरोप होता. बंदी असूनही ही स्थिती. बंदीच नसेल तेथे काय होत असेल, याची कल्पना करावी.

येथे कामगार संघटनांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. बदलीच्या प्रश्नावर रणकंदन माजविणाऱ्या आपल्या संघटना ह्या विषयावर चमत्कारिकरीत्या अबोल होतात. कारण समजण्यासारखे आहे. बहुतेकदा दोन्ही पक्ष सभासद असतात, आणि ज्याच्यावर कारवाईचे सावट आहे त्याचा बचाव करणे हे संघटनेच्या अंगवळणी पडलेले असते. त्यात बाईची बाजू घेणारा कोणी उरत नाही. सहकाऱ्यांचेही तेच. जेवणाच्या सुटीत तिच्याबद्दल हळहळणारे दहाजण समितीपुढे साक्षीला बोलाविले की त्या दिवशी काहीच पाहिलेले नसते. त्यांना दोष देणे सोपे आहे; पण त्यांच्याही मुलांच्या शाळा आहेत आणि त्यांनाही पनवेल दूर आहे. साक्षीदाराच्या संरक्षणावाचून तक्रारदाराचे संरक्षण पोकळ ठरते, हे २०१२ च्या निर्णयात न्यायालयाने ओळखले होते.

कायद्यात दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर तक्रार करणाऱ्या स्त्रीने काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात. तक्रारीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. बाराव्या कलमाची आणि आठव्या नियमाची मागणी त्याच वेळी लेखी करावी. त्यापूर्वीच्या वर्षांतील गोपनीय अहवालांच्या प्रती सरकारी कर्मचाऱ्याने मागून घ्याव्यात. अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निर्णय आहे. पाच वर्षे ‘उत्कृष्ट’ असलेली बाई तक्रारीनंतरच्या वर्षी ‘साधारण’ झाली, तर ते कागदच तिच्या बाजूने बोलतील. राज्य सरकारी नोकरीत असेल तर २००५ चा बदल्यांचा कायदाही जवळ ठेवावा. मुदतीपूर्वीच्या बदलीस लेखी कारणे नोंदवावी लागतात, ही गोष्ट बदली करणारेच पुष्कळदा विसरतात.

आणि मीरा-भाईंदरपुरते बोलावयाचे तर एक काम महापालिकेस दुरुस्तीची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. सहाव्या कलमाप्रमाणे तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, बसण्याची जागा आणि वेळ प्रत्येक प्रभाग कार्यालयात, दोन्ही रेल्वे स्थानकांवर आणि औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर मोठ्या अक्षरांत मराठीत व हिंदीत लावावी. ती वेळ गाळे सुटल्यानंतरची, संध्याकाळची असावी.